पूर्णेच्या काठी अर्धा सेकंद

बुधवारी सकाळी अकरा वाजता दत्ताभाऊंच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बंद पडली. दुपारी साखऱ्याहून कोंडाबाई आल्या. त्यांना त्यांच्या वडिलांचं गाणं हवं होतं. ते गाणं त्या डिस्कमध्ये होतं. वडील वारले होते.

मी तेव्हा वरच्या मजल्यावर पुस्तकांची यादी करत होते. हिंगोलीतल्या त्या इमारतीत वर आमचं वाचनालय आणि खाली दत्ताभाऊंचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. वीस वर्षं आम्ही एका जिन्याचे शेजारी होतो. ते गेले त्याला येत्या पोळ्याला वर्ष होईल. त्यांच्याविषयी लिहायचं ठरवल्यापासून मी रोज थोडं लिहिते आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं निम्मं खोडते. त्यांचं गाव, शिक्षण, घरची हकीकत मला वरवरच ठाऊक आहे. हा माणूस काम कसं करायचा, ते मात्र मी वीस वर्षं पाहिलं.

जन्मभर कॅमेऱ्याला उजवा डोळा लावल्यामुळे त्यांना डावा डोळा मिटायची सवय झाली होती. बोलतानाही तो मिटायचा. नव्या माणसाची पंचाईत व्हायची. एका लग्नात नवरीच्या मावशीने तक्रार केली की शूटिंगवाला डोळा मारतो. दत्ताभाऊंनी दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून तिची माफी मागितली आणि त्या धांदलीत पुढचा आहेराचा कार्यक्रम तिरका घेतला. ते स्वतःच हे सांगायचे आणि सांगतानाही डावा डोळा मिटलेलाच असायचा.

डिस्क, म्हणजे लग्नाची डीव्हीडी, लिहायला लावली की दुकानात चालायची बंदी असे. टेबल हलतं म्हणून. एक निकामी डिस्क दोऱ्याने दाराला टांगलेली दिसली की गिऱ्हाईक पायरीवरच थांबे आणि आतून आवाज येई, “बसलीय.” अंड्यांवर कोंबडी बसते, त्या अर्थाने. वीज जायची ती हमखास अशाच वेळी, म्हणून इन्व्हर्टर दुकानाला होता, घराला नव्हता. आणि डिस्क तयार झाली तरी ती गिऱ्हाइकाला लगेच मिळत नसे. दत्ताभाऊ ती साध्या प्लेअरवर लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत. प्रत्येक डिस्क. पुढे पळवायची नाही. तीन तासांचं लग्न असेल तर तीन तास. जेवणाचा डबा मांडीवर, समोर कुणाची तरी पंगत. वहिनी म्हणायच्या, “जगाच्या लग्नात जेवता, माझी भाजी तेवढी गार होती.” त्यामुळे दत्ताभाऊंना हिंगोलीतल्या निम्म्या घरांतले रुसवेफुगवे माहीत होते. कोणाच्या मामांनी आहेराचं पाकीट उजेडाला धरून पाहिलं, हेही. पण ते बाहेर कधी बोलले नाहीत. मला सांगितलं, तेही नावं गाळून.

त्या काळी हळदीच्या बाजारातले एक व्यापारी त्यांच्याकडे हट्ट धरून बसले होते. पुण्याच्या पाहुण्यांना अख्खं लग्न एकाच डिस्कवर मिळालं होतं, तसंच यांना हवं होतं. साध्या डिस्कवर चांगल्या चित्राचे दोन तास मावतात. दुहेरी थराच्या डिस्कवर, जिला सगळे डबल लेअर म्हणत, जवळजवळ चार. पण ती हिंगोलीत मिळत नसे, नांदेडहून मागवावी लागे. एकीच्या भावात साध्या पाच-सहा येत. लिहायला पाऊण तास लागे आणि मध्ये काही बिनसलं की डिस्क वाया. जुने प्लेअर तिला ओळखतच नसत. शिवाय वरचा थर संपून मशीन खालच्या थरात उतरतं, तेव्हा चित्र अर्धा सेकंद थांबतं.

दत्ताभाऊंनी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं. व्यापारी म्हणाले, पैशाची तकलीफ नाही.

“शेटजी, तुमच्या लग्नात जेवण हाये का न्हाई?”

“आता जेवणाबिगर लग्न असतं व्हय?”

“मग जेवणाआधी एक डिस्क, जेवल्यावर दुसरी. लोक तसंबी उठतेतच.”

शेटजी दोन साध्या डिस्का घेऊन गेले. दत्ताभाऊ असं पुष्कळ गिऱ्हाइकांना परत फिरवत. डबल लेअर त्यांच्या मते निम्म्याहून अधिक वेळा उगाच वापरली जायची. वर्षानुवर्षं त्यांनी ती दुकानात ठेवलीसुद्धा नव्हती. ती मागवली ते सटवाजीबाबांसाठी.

सटवाजीबाबा म्हणजे कोंडाबाईंचे वडील, सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दसऱ्याला गावातल्या देवाच्या ठाण्यापुढे बसून ते जे गाणं म्हणत, त्याला ते लोक नुसतं ‘वाट’ म्हणतात. मेंढरं घेऊन त्यांचे पूर्वज साखऱ्याहून निघत, पूर्णा ओलांडत, वऱ्हाडात शिरत आणि पावसाच्या तोंडावर परत येत. त्या रस्त्यावरचं प्रत्येक गाव, प्रत्येक विहीर, प्रत्येक मुक्काम त्या गाण्यात आहे. सिद्धेश्वरजवळचा नदीचा उतार त्यात आहे. तो आता धरणाच्या पाण्याखाली आहे. गाणं पावणेचार तासांचं, आणि नियम एकच. सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही. थांबलं तर मेंढरं तिथेच राहिली, असं समजतात. मग पुन्हा घरापासून निघायचं.

वाट पूर्ण येणारा माणूस एकटे सटवाजीबाबाच उरले होते. दत्ताभाऊंनी ती एका दसऱ्याला पहिल्यांदा ऐकली आणि पुढच्या दसऱ्याला ती पूर्ण घ्यायची ठरवली. कॅमेऱ्याची टेप तासाभराची, ती बदलताना तुकडा पडणार. म्हणून परभणीच्या मित्राचा दुसरा कॅमेरा आणून ते दोन्ही कॅमेऱ्यांच्या मध्ये बसले. एकाची टेप बदलायची, तेव्हा दुसरा चालू. पावणेचार तासांत ते पाणी प्यायलेसुद्धा नाहीत.

पंधरा दिवसांनी सटवाजीबाबा डिस्क बघायला दुकानात आले. घोंगडी अंथरून खाली बसले. टीव्हीवर स्वतःला बघताना त्यांचा चेहरा हलला नाही. ओठ मात्र गाण्याबरोबर हलत होते. दोन तास होत आले असताना चित्र अर्धा सेकंद थांबलं आणि पुढे गेलं. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

“हितं मेंढरं कुणी अडवली?” बाबा म्हणाले.

“मशीन अडवतंय, बाबा. खालच्या थरात उतरून राहिलंय.”

“चढावर अडवलं. चढावर मेंढरू थांबत न्हाई.” बाबांनी थोडा विचार केला. “तिला म्हणावं, मेंढरं थांबतेत तिथं उतर.”

“कुठं थांबतेत?”

“पाण्यावर.”

दुसऱ्या दिवशी दत्ताभाऊ दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. मशीनची अट अशी होती की वरचा थर खालच्यापेक्षा लहान असता कामा नये. म्हणजे थांबायची जागा निम्म्याच्या पुढेच हवी. पुढेही फार नको, नाहीतर वरच्या थरात मावत नाही.

“ताई, पूर्णा निम्म्याच्या पुढं हाये. बराबर बसती.”

वाचनालयात पेपर वाचणाऱ्या दोघांनी वर पाहिलं. त्यांना वाटलं असेल, नदीला पूर आला. दत्ताभाऊंनी चार डिस्का वाया घालवल्या आणि पाचवीत मशीन नेमकं नदीच्या काठावर, जिथे मेंढरं पाण्याला तोंड लावतात त्या ओळीच्या आधी, खालच्या थरात उतरलं. सटवाजीबाबा परत आले, परत पावणेचार तास बसले, आणि उठताना फक्त म्हणाले, “आता चालती.”

अशा दोन डिस्का केल्या. एक बाबांच्या घरी गेली. दुसरी दत्ताभाऊंनी माझ्याकडे दिली. तुमच्याकडे कपाट आहे, कुलूप आहे, म्हणाले. मूळ सगळं त्यांच्या हार्ड डिस्कमध्ये होतं. टेपा पुढच्या लग्नसराईत पुन्हा वापरल्या गेल्या. तेव्हा सगळेच तसं करत.

नंतर बाबा वारले. चार दसरे वाट झाली नाही. कोंडाबाईंच्या चुलत्यांनी भावकीत सांगितलं की यंदाही कोणी म्हणणार नसेल, तर देवाची माफी मागून ही रीत बंद करू. तेव्हा कोंडाबाई म्हणाल्या, मी म्हणते. बाईने वाट म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. चुलत्यांनी नाही म्हटलं नाही. ते एवढंच म्हणाले, की म्हणायची तर पूर्ण म्हणायची. मध्ये थांबलीस तर तो शेवट.

त्या बुधवारी कोंडाबाई दुकानाच्या उंबऱ्यावर बसून हे सांगत होत्या आणि दत्ताभाऊ कॉम्प्युटरच्या बंद पडलेल्या डब्यावर हात ठेवून ऐकत होते. मीही खाली येऊन जिन्यात उभी होते. दसऱ्याला चार महिने होते.

“तुमाला किती येती?” त्यांनी विचारलं.

“चुलीपस्तोर.”

म्हणजे काय, ते मला आधी कळलं नाही. दसऱ्याला भावकीचं जेवण असतं. वाट सुरू होऊन तास झाला की बायकांनी उठून चुलीकडे जायचं. कोंडाबाईंनी लहानपणापासून तो पहिला तास ऐकला होता. “फुडची वाट बापानं म्हणली आन् आमी भाकरी थापल्या,” त्या म्हणाल्या. त्या आवाजात रडणं नव्हतं. हिशेब सांगावा तसं सांगितलं.

मग त्यांनी खणात गुंडाळलेली घरची डिस्क काढली. ती लागत नव्हती. दत्ताभाऊंनी ती उजेडात धरली. चकाकणाऱ्या बाजूला, भोकाच्या सभोवती, हळदीकुंकवाचा थर होता. दर दसऱ्याला ती देवापुढे ठेवून त्यांनी अक्षता चिकटवल्या होत्या आणि नव्या चिकटवण्याआधी जुन्या नखाने खरवडून काढल्या होत्या.

“ह्या बाजूनं काहून लावलं, अक्का?”

“ह्याच्यात तोंड दिसतं. मंग तोंडाची बाजू हीच ना?”

  दत्ताभाऊंनी जिन्याकडे बघून मला हाक मारली, “ताई, तुमची काढा.”

मी अभिमानाने काढली. कापडी पाकिटात, दाखल क्रमांकासकट. पुस्तकाला करते ते सगळं मी त्या डिस्कला केलं होतं. वरच्या बाजूला कडेलगत खळीने कागदी चिठ्ठी चिकटवली होती, तिच्यावर क्रमांक, समोरच्या कडेला कपाटाची चिठ्ठी आणि दोन्हींवर वाचनालयाचा शिक्का. खळ वाळून कागद आखडला होता आणि डिस्क कडेने पापडासारखी वळली होती.

“पुस्तकाला लावता तसं?”

“तसंच.”

“शिक्काबी?”

“शिक्काही.”

कोंडाबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. “आमी आडाणी, आमी कुकू लावलं. ह्या शिकलेल्या, ह्यांनी शिक्का हानला.” मी तोवरच्या नोकरीत इतकी खजील कधी झाले नव्हते. दत्ताभाऊ हसू दाबत होते आणि त्यांचा डावा डोळा उघडझाप करत होता.

पण प्रकरण हसण्यासारखं नव्हतं. कोमट पाण्यात बुडवून, आतून बाहेर बोट फिरवून त्यांनी हळदकुंकू धुतलं. ओरखडे राहिले. माझी डिस्क सुरुवातीला छान चालली आणि दीड तासाला अडकली. शेवटचा भाग पुन्हा चालला. घरची डिस्क सुरुवातीला काही केल्या उघडेना. तीन दिवस दारावर दोरा टांगलेला होता. कोंडाबाई रोज पहिल्या बसने येत आणि संध्याकाळच्या बसने जात. मेंढरं त्यांनी नवऱ्यावर सोपवली होती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, हे गाणं ह्या चकतीत राहतं तरी कसं. दत्ताभाऊंनी कंटाळा न करता सांगितलं. खुंट्याला शेळी बांधावी आणि तिने खुंट्यापासून चरत कडेला जावं, तसं मशीन आतून बाहेर वाचत जातं. कडेला पोचलं की खालच्या थरात उतरतं आणि बाहेरून चरत परत खुंट्याकडे येतं.

कोंडाबाई डिस्ककडे बघत राहिल्या. “मंग निघणं आन् घरी येणं खुंट्यापाशी. आन् मधली वाट कडंला?”

“व्हय.”

“आमी कडंला कुकू न्हाई लावलं, भाऊ. भोकापाशीच लावलं. कडंला तर ह्या बाईंनी चिठ्ठ्या लावल्या.”

मी जिन्यात उभी होते. दत्ताभाऊंचे दोन्ही डोळे एकाच वेळी उघडे असलेले मी तेव्हा पाहिले. माझ्या डिस्कची मधली वाट गेली होती, त्यांच्या डिस्कची दोन्ही टोकं. तीन दिवस आम्ही दोन वाया गेलेल्या डिस्का घेऊन बसलो होतो, आणि त्या दोन मिळून एक पूर्ण होती. हे मशीनवाल्याला सुचलं नाही, शिकलेल्या बाईला सुचलं नाही. मेंढरं राखणाऱ्या बाईला सुचलं, कारण चरलेलं रान आणि न चरलेलं रान बघायची तिला रोजची सवय होती.

परभणीच्या मित्राचा एक जुना ड्राइव्ह घरची डिस्क ओळखायला तयार झाला. दत्ताभाऊंनी मधला भाग त्यातून काढला, टोकं माझ्यातून, आणि दोन ठिकाणी सांधा केला. मग मला डोळे मिटून ऐकायला बसवलं. सांधे कुठे आहेत ते सांगा, म्हणाले. मी पावणेचार तास ऐकलं. मला सापडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते मी लग्नात नवरदेवाच्या बापाच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही.

आणि त्यांनी ते पुन्हा डबल लेअरवरच लिहिलं. मी म्हटलं, एवढं सगळं होऊन पुन्हा तीच?

“तिचा दोष न्हाई, ताई. जे दोन तुकड्यांत चालतं, त्याच्यासाठी दोन साध्या घ्याव्या. ज्याचे तुकडे करता येत न्हाईत, तेवढ्यासाठीच ही. आन् हिच्यावर लिहिलं तरी हिच्या भरवशावर निजायचं न्हाई. हितंच चुकलो मी.”

त्या वेळी चार डिस्का झाल्या, आणखी एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये, एक माझ्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर. मला चिठ्ठी लावायची बंदी झाली.

दसऱ्याला मी दत्ताभाऊंबरोबर साखऱ्याला गेले. कोंडाबाई देवाच्या ठाण्यापुढे बसल्या आणि साखऱ्याहून निघाल्या. पहिला तास झाला. चुलीकडे जायची वेळ आली आणि एकही बाई उठली नाही. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. काही वेळाने कोंडाबाईंचे नवरेच उठले आणि त्यांच्यामागे आणखी चार जण. त्या दिवशीच्या भाकरी जाड होत्या आणि एका बाजूने करपल्या होत्या. मी दोन खाल्ल्या.

दोन तासांनी त्या पूर्णेवर आल्या. काठावर आल्या आणि अर्धा सेकंद थांबल्या. श्वास घेतला असावा इतकंच. मग मेंढरांनी पाण्याला तोंड लावलं. सटवाजीबाबा तिथे कधीच थांबत नसत. चार महिने डिस्क बघून बघून मशीनचं ते उतरणं कोंडाबाईंच्या गळ्यात बसलं होतं.  थांबली, असं कोणी म्हटलं तर? मी चुलत्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. ते मान हलवून शेजाऱ्याला म्हणाले, “पाणी पाजलं पोरीनं.”

कॅमेऱ्यामागे दत्ताभाऊंचे खांदे हलत होते. हसत होते की काय, मला नीट दिसलं नाही.

दुपारी ऊन कलायच्या आधी कोंडाबाई वऱ्हाडातून परत आल्या, साखऱ्याच्या शिवेत शिरल्या, एकेका घराचं नाव घेत मेंढरं वाड्यात आणली आणि गप्प झाल्या.  मग चुलते उठले. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा पटका काढला आणि तो कोंडाबाईंच्या डोक्यावर बांधला. बांधता येईना, तेव्हा बायकांनी मदत केली. गोंगाट इतका झाला की बांधलेली कुत्री भुंकायला लागली. त्या दिवशी डोक्याला पटका बांधलेल्या कोंडाबाई बायकांच्या घोळक्यातून जेवायला आल्या आणि पहिल्या पंगतीला बसल्या.

परतीच्या एसटीत मी हळूच म्हटलं, “ते थांबणं तर मशीनचं होतं.”

“व्हय.”

“सांगायचं का त्यांना?”

“काहून?” दत्ताभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले. “दोन तास चालली मेंढरं. तहानली होती.”

पुढे डिस्कांचे दिवस संपले. नव्या लॅपटॉपला ती घालायची खाचच नसते. लग्नं फोनवर जाऊ लागली, दत्ताभाऊ पेन ड्राइव्ह देऊ लागले. तोही पूर्ण बघून. गिऱ्हाईक कमी झालं याचं त्यांनी कधी रडगाणं गायलं नाही. कुणी चेष्टेने विचारलं की त्या डबल लेअरचा काही उपयोग झाला का, तर ते म्हणत, एकदा झाला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते हिंगोलीच्या बसस्थानकावर. कोंडाबाईंचा प्लेअर बिघडला होता, म्हणून ते दुसरा घेऊन सेनगावच्या बसने निघाले होते. टॉवेलात गुंडाळलेला प्लेअर मांडीवर. कंडक्टर म्हणत होता, सामान वर टाका. ते म्हणत होते, हे सामान नाही, याचं वाटलं तर तिकीट फाडा. बाजूच्या माणसांनी सरकून जागा केली. बस वळली तेव्हा त्यांनी खिडकीतून मला हात केला. आठ दिवसांनी सकाळी दुकान उघडताना ते पायरीवर बसले, ते उठले नाहीत.

दुकानाच्या जागेत आता मोबाइलचं दुकान आहे. साखऱ्यात वाट चौघीजणींना पूर्ण येते.